सायकल ट्रॅक रिकामा का दिसतो?

आमच्या सोसायटीचे रखवालदार काका रात्रपाळी संपवून सकाळी सातला सायकल काढतात. पुण्यात कोथरूडहून कर्वे रस्ता, नळस्टॉप, डेक्कन, जंगली महाराज रस्ता आणि पुढे शिवाजीनगरच्या पलीकडे घर. सात-आठ किलोमीटरचा रस्ता. वाटेत काही तुकड्यांवर सायकल ट्रॅक आहे, पण काका भर रस्त्यातून, बसच्या शेजारून जातात. एकदा न राहवून विचारलं, "काका, ट्रॅक आहे की तिथं. त्यावरून का नाही जात?"

"अहो, चढायचं कुठून? आन् उतरायचं कुठं?"

सायकल ट्रॅकवर इतक्या बैठका होतात, आराखडे निघतात, पण काकांच्या या दोन प्रश्नांचं उत्तर क्वचितच दिलेलं असतं. आणि मग काही वर्षांनी कुणीतरी रिकाम्या ट्रॅककडे बोट दाखवून म्हणतं, लोकांना सायकल नकोच आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात हेच झालं. तिथले सायकल ट्रॅक काढून ती जागा वाहनांना देण्याचा निर्णय एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, 2025 साली घेतला. पुण्यातही कोंडी वाढली की हीच मागणी होते. म्हणून ट्रॅक रिकामा का राहतो, हे नीट समजून घ्यायला हवं.

## आधी तीन शब्द वेगळे करू

रस्त्यावर नुसता रंगाचा पट्टा मारून सायकलला दिलेली जागा म्हणजे सायकल लेन. दुभाजक, उंचवटा किंवा झाडांची रांग घालून मोटारींपासून तोडलेली जागा म्हणजे सायकल ट्रॅक. आणि घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतची सलग वाट म्हणजे सायकल मार्ग. या मार्गात काही भाग ट्रॅकचा असेल, काही लेनचा, काही शांत गल्लीचा आणि काही पुलाचा.

आपल्याकडे हिशेब ट्रॅकचा होतो. इतके किलोमीटर झाले, इतके बाकी. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यात आठशेहून जास्त किलोमीटरचं जाळं होतं. आराखडा म्हणून तो चांगला होता, आजही आहे. पण अंमलबजावणी जिथे जागा मिळाली तिथे, जिथे रस्त्याचं काम निघालं तिथे, तुकड्यातुकड्यांनी झाली.

माणूस ट्रॅकवर राहत नाही. तो धनकवडीतून निघून स्वारगेटला जातो. त्याला मार्ग लागतो.

## नळाला पाणी नाही, म्हणजे तहान नाही?

समजा, खडकवासल्यापासून तुमच्या सोसायटीपर्यंत नवी जलवाहिनी टाकायची आहे. दहापैकी नऊ किलोमीटर पाइप उत्तम टाकला आणि मधला एक किलोमीटर राहिला. तुमच्या नळाला नव्वद टक्के पाणी येईल का? थेंबही येणार नाही. आणि कोरडा नळ बघून "या सोसायटीला पाण्याची गरज दिसत नाही" असं कुणी म्हणालं, तर तुम्ही ऐकून घ्याल का?

सायकलचंही तसंच आहे. कुठल्या वाटेने जायचं हे माणूस वाटेतल्या सर्वांत चांगल्या तुकड्यावरून ठरवत नाही, सर्वांत भीतीदायक तुकड्यावरून ठरवतो. जंगली महाराज रस्त्यावर छान ट्रॅक असेल, पण त्याआधी एका मोठ्या चौकात जीव मुठीत धरून चार रांगा ओलांडायच्या असतील, तर आई मुलीला सायकलवर शाळेत पाठवणार नाही. त्या घरातली सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात राहते आणि आपल्याला फक्त रिकामा ट्रॅक दिसतो.

सायकल चालवणारी माणसं नाहीत, हेही खरं नाही. 2011 च्या जनगणनेत लोक कामाला कसे जातात हे विचारलं गेलं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामगारांमध्ये देशभरात सुमारे 13 टक्के सायकलने जात होते. स्कूटर-मोटरसायकलने जाणारेही साधारण तेवढेच होते. त्यानंतर दुचाकी खूप वाढल्या हे उघडच आहे. तरी पहाटे सहाला बांधकामाच्या साइटकडे जाणारे रस्ते बघा, किंवा दूध, पेपर, गवंडीकाम, रखवाली यांच्या वेळा बघा. हे लोक आपल्या ऑफिसच्या वेळेत रस्त्यावर नसतात म्हणून ते मोजणीत येत नाहीत, आणि मोजणीत येत नाहीत म्हणून आराखड्यातही येत नाहीत.

## थांबण्याची किंमत

हा भाग थोडा भौतिकशास्त्राचा आहे, पण सगळा उलगडा इथेच होतो.

मोटार थांबवून पुन्हा सुरू करायला तुमचा पाय नुसता हलतो, बाकी काम इंजिन करतं. सायकलला इंजिन तुम्हीच. माणूस आणि सायकल मिळून 80-85 किलो वजन ताशी 15 किलोमीटर वेगाला आणायला जेवढी ताकद लागते, तेवढ्यात सपाट रस्त्यावर आणखी पन्नास ते शंभर मीटर आरामात जाता येतं. म्हणजे दर वेळी पूर्ण थांबून पुन्हा निघालात की तेवढं अंतर जादा मारल्यासारखं झालं.

आता एखादा आपला ट्रॅक डोळ्यांसमोर आणा. फुटपाथला लागून, पेव्हर ब्लॉकचा. बँकेचं गेट आलं, ट्रॅक खाली उतरला, परत वर चढला. पुढे हॉस्पिटलचं गेट, पुन्हा तेच. मग बसथांबा आणि तिथे उभी असलेली माणसं. मग विजेचा डीपी. मग स्कूटर घुसू नयेत म्हणून लावलेले लोखंडी खांब, ज्यांच्यातून सायकलचं हँडलही जेमतेम जातं. मग एक चेंबरचं झाकण, दोन इंच वर आलेलं. एका किलोमीटरमध्ये अशा दहा ठिकाणी थांबावं लागलं, तर एका किलोमीटरला दीड-दोन किलोमीटरची मेहनत झाली. शेजारी डांबरी रस्ता सपाट पडलेला आहे. काका कुठून जातील?

म्हणून "ट्रॅक दिलाय तरी वापरत नाहीत" हा आरोप मला लागतो. सायकल चालवणारा माणूस आळशी नसतो, उलट एकेका पॅडलचा हिशेब त्याच्या मांड्यांना ठाऊक असतो.

यावर उपाय साधा आहे. गेटपाशी ट्रॅक खाली उतरवायचा नाही, तो आहे त्याच उंचीवर सलग पुढे न्यायचा आणि मोटारीने छोटा चढ चढून तो ओलांडायचा. मोटार आपोआप हळू होते, सायकलचा वेग मोडत नाही. पेव्हरऐवजी डांबर किंवा काँक्रीट वापरायचं. आणि रुंदी किमान 2 मीटर ठेवायची. ही रुंदी इंडियन रोड्स काँग्रेसने, म्हणजे देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, 1962 सालीच सांगून ठेवली आहे. दोन मीटर का? कारण मागून येणाऱ्याला पुढे जाता आलं पाहिजे. भाजीची पाटी बांधलेल्या सायकलमागे कॉलेजची मुलगी अडकून पडली, तर दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावरूनच जाईल.

## चौक: सगळं इथेच बिघडतं

दोन चौकांच्या मधल्या रस्त्यावर ट्रॅक करणं सोपं आहे. पण सायकलस्वाराला खरा धोका चौकात असतो, आणि आपले ट्रॅक नेमके चौकाच्या पन्नास मीटर आधी संपतात. पावसात छत्री दारापर्यंत देऊन अंगणात काढून घ्यावी, तसा हा प्रकार.

चौकातला सर्वांत मोठा धोका डावीकडे वळणाऱ्या वाहनाचा. तुम्ही रस्त्याच्या डाव्या कडेने सरळ चालला आहात. उजव्या बाजूने ट्रक येतो आणि तुमच्या पुढ्यातूनच डावीकडे वळतो. चालकाला तुम्ही आरशात दिसलेलाच नसता. ट्रकची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात, त्यामुळे पुढचा भाग निघून गेला तरी तुम्ही सुटलात असं होत नाही.

यावर जगभर वापरले जाणारे तीन उपाय आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही. पहिला, वळणाचा कोपरा अरुंद करायचा. आपल्याकडे मोटारींना सुसाट वळता यावं म्हणून कोपरे गोल आणि ऐसपैस ठेवतात. कोपरा आवळला की वाहनाला हळू व्हावंच लागतं. दुसरा, सिग्नलला सायकलींची थांबण्याची रेषा मोटारींच्या चार-पाच मीटर पुढे ठेवायची, म्हणजे सायकलस्वार चालकाच्या नजरेसमोर उभा राहतो. तिसरा, सायकल आणि पादचाऱ्यांचा सिग्नल काही सेकंद आधी हिरवा करायचा.

माझं मत विचाराल तर, दोन चौकांमधला ट्रॅक एक वर्ष थांबला तरी चालेल, पण चौक आधी दुरुस्त करा. ज्या चौकांतून शाळेची मुलं जातात, ते सर्वांत आधी.

## प्रत्येक रस्त्याला ट्रॅक लागत नाही

"सदाशिव पेठेत कुठून आणायचा ट्रॅक? दोन स्कूटर समोरासमोर आल्या की गल्ली बंद!" हा आक्षेप अगदी रास्त आहे. उत्तर असं, की तिथे ट्रॅकची गरजच नाही.

वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या धडकेतली ऊर्जा चौपट होते. ताशी 60 ने आलेल्या गाडीची धडक 30 च्या धडकेच्या चौपट. म्हणूनच वाहनं आणि माणसं मिसळतात तिथे वेगाची मर्यादा ताशी 30 ठेवावी, असं रस्ता सुरक्षेविषयीच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे. यातून सरळ नियम निघतो. जिथे वाहनं हळू जातात तिथे सायकल त्यांच्यात मिसळू द्यावी. जिथे वेग जास्त आहे, सातारा रस्ता, नगर रस्ता, सोलापूर रस्ता, तिथे पक्का अडसर घालून वेगळा ट्रॅक हवा. नुसत्या रंगाच्या पट्ट्याने ताशी 60 ची गाडी अडत नाही.

पेठांमध्ये काम वेगळं आहे. गाड्यांना आरपार जाता येऊ नये अशी एकेरी रचना करायची आणि सायकलला मात्र दोन्ही बाजूंनी मोकळीक द्यायची. मग गल्लीत तिथल्याच लोकांच्या गाड्या राहतात, त्या हळू जातात, आणि तीच गल्ली सायकल मार्गाचा भाग होते. खर्च म्हणाल तर काही खांब, काही कुंड्या आणि पाट्या.

## "आपल्याकडचं ऊन, पाऊस, चढ…"

सायकल म्हणजे थंड, सपाट हॉलंडची चैन, असं आपल्याला वाटतं. स्पेनच्या दक्षिणेतलं सेव्हिल शहर बघा. उन्हाळ्यात तिथे पारा 40 च्या वर जातो. 2006 च्या सुमारास तिथे सायकलने होणारे प्रवास एक टक्कासुद्धा नव्हते. शहराने जेमतेम दोन वर्षांत 80 किलोमीटरच्या आसपास वेगळे ट्रॅक केले. तुकडे न करता, एकमेकांना जोडलेलं जाळं एकदम तयार केलं. त्यासाठी पार्किंगच्या हजारो जागा काढल्या. काही वर्षांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास गेलं. हवा तीच होती आणि माणसंही तीच.

हॉलंडही आधीपासून असं नव्हतं. तिथे 1971 साली रस्ते अपघातांत 3,300 माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. आईवडील रस्त्यावर उतरले, पाठोपाठ 1973 चं तेलसंकट आलं, आणि तेव्हा कुठे धोरण बदललं.

पुण्यात ऊन कडक असतं ते अकरा ते चार. कामावर जाण्या-येण्याच्या वेळा त्याच्या आगेमागे आहेत, आणि ट्रॅकवर झाडांची सावली असेल तर फरक अंगाला जाणवतो. पावसाचं मान्य करते, जुलै-ऑगस्टचे दोन महिने बरेच जण बसने जातील. पण पावसात दुचाकीवालाही भिजतोच. चढाचं म्हणाल, तर पेठांपासून हडपसरपर्यंत, औंधपासून पिंपरीपर्यंत शहराचा मोठा भाग बऱ्यापैकी सपाट आहे. कात्रज, बावधनकडच्या चढांसाठी आता विजेची सायकल आहे. 250 वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल, तर नियमांच्या अटींत बसणाऱ्या अशा सायकलला नोंदणी लागत नाही आणि परवानाही लागत नाही.

## "रस्ता मोटारींनाच पुरत नाही, सायकलला कुठून देणार?"

हा सर्वांत वजनदार आक्षेप, म्हणून इथे जरा थांबते.

प्रश्न असा विचारायला हवा, की रस्त्यावरून न्यायचं काय? केंद्र सरकारच्या 2006 च्या नागरी वाहतूक धोरणाने उत्तर दिलं आहे: वाहनं नव्हे, माणसं. अमेरिकेतल्या शहर वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार 3 मीटरच्या एका पट्ट्यावरून खासगी मोटारींतून तासाला 600 ते 1,600 माणसं जातात. तेवढ्याच रुंदीच्या सुरक्षित सायकल ट्रॅकवरून साडेसहा ते साडेसात हजार जाऊ शकतात. आपल्याकडे दुचाकी खूप असल्यामुळे फरक इतका मोठा राहणार नाही, पण तो कुणाच्या बाजूने आहे हे स्पष्ट आहे.

शिवाय जागा जाते कुठे हेही बघावं. संध्याकाळी कुठल्याही बाजारपेठेच्या रस्त्यावर उभे राहा. कडेची एक अख्खी रांग थांबलेल्या गाड्यांनी भरलेली असते. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज लागतात. दुकानदारांची भीती मी समजू शकते, गिऱ्हाईक तुटेल असं त्यांना वाटतं. पण जी गाडी सकाळी दहाला लागून रात्री आठला हलते, ती बहुतेक वेळा गिऱ्हाइकाची नसतेच.

आणि ट्रॅकवर दुचाकी घुसतात त्याचं काय? घुसतात, आणि अडवायलाच हव्यात. पण खांब असे लावले पाहिजेत की सायकल सहज जाईल. आज बऱ्याच ठिकाणी उलटं होतं, सायकल अडते आणि फुटपाथवरून वळसा घालून दुचाकी निघून जाते. ट्रॅकवर कायम वर्दळ राहिली की घुसखोरी आपसूक कमी होते. आजचे तुकडे ओस पडलेले आहेत, म्हणून तिथे हातगाडी लागते, राडारोडा पडतो, गाड्या उभ्या राहतात.

## फिरण्याचा ट्रॅक आणि कामाचा मार्ग

मुंबई महापालिकेने पवई तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक करायला घेतला होता. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून बांधकाम काढायला सांगितलं. पर्यावरणाचा मुद्दा होताच, पण मला त्यात दुसरी गोष्टही दिसते. तलावाभोवतीचा, नदीकाठचा, टेकडीवरचा ट्रॅक रविवारी सकाळी फिरायला छान. पण त्यावरून कुणी कारखान्यात, शाळेत, मंडईत जात नाही. जिथे विरोध कमी, जिथे पार्किंग हलवावं लागत नाही, तिथे ट्रॅक आखला की आकडा वाढतो, फोटोही चांगला येतो, आणि काका मात्र कर्वे रस्त्यावर बसच्या शेजारून जात राहतात.

नव्या ट्रॅकची घोषणा झाली की मी नकाशावर त्याची दोन टोकं बघते. टोकाला वस्ती, शाळा, मेट्रो स्थानक, बसस्थानक, कारखाना यांपैकी काही आहे का? पुण्यात मार्च 2022 पासून मेट्रो धावते. स्थानकापासून तीन किलोमीटर चालणं फार होतं आणि रिक्षा रोज परवडत नाही. सायकलने हेच अंतर बारा-पंधरा मिनिटांचं. स्थानकाजवळ सावलीतली, नजर असलेली सायकल लावायची जागा आणि तिथपर्यंतचा मार्ग, एवढं झालं तरी मेट्रोचं क्षेत्र कितीतरी वाढेल.

## हद्द संपते, माणूस पुढे जातो

आता शेवटचा पेच, आणि तो अभियांत्रिकीचा नाही, कारभाराचा आहे. पुणं एका संस्थेच्या हाती नाही. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, 2015 साली स्थापन झालेलं पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कटक मंडळं, शिवाय एमआयडीसी. हिंजवडीतला कर्मचारी दोन-तीन हद्दी ओलांडून कामावर पोचतो.

जुन्या मुंबई रस्त्याचंच उदाहरण घ्या. शिवाजीनगरहून निघालात, वाटेत खडकीचं लष्करी क्षेत्र लागतं, मग बोपोडी, मग मुळेवरचा हॅरिस पूल आणि पलीकडे दापोडी, म्हणजे पिंपरी-चिंचवड. याच पट्ट्यात दारूगोळा कारखाना आहे, पुढे औषधांचा, वाहनांचा उद्योग वाढला. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, त्या काळात पाळी सुटली की इथले रस्ते सायकलींनी भरून जात. आज त्याच वाटेवर अलीकडच्या महापालिकेने ट्रॅक केला आणि पलीकडच्या महापालिकेने स्वतःचा वेगळा केला, तरी मधल्या टप्प्याचं आणि पुलाचं काय? पूल टाळता येत नाही. नदी ओलांडायला सायकलवाल्याला दुसरी वाट नसते आणि पुलावर कड सोडायला जागा नसते.

म्हणून कामाची सुरुवात करायचीच असेल, तर माझ्या मते ती पुलांपासून करावी. म्हात्रे पूल, संगम पूल, हॅरिस पूल. प्रत्येकावर दोन्ही बाजूंना 2 मीटर, पक्क्या अडसराआड. मग त्यांच्या दोन्ही टोकांचे चौक. मग तिथून शाळेपर्यंत, स्थानकापर्यंत, कारखान्याच्या फाटकापर्यंत. आणि दर टप्प्याला, सकाळी सातला कागद-पेन घेऊन कुणीतरी तिथे उभं राहून सायकली मोजाव्यात. रखवालदार काकांच्या सायकलीसह.